पायावरचं पाणी

लघवी हा शब्द या लिखाणात पुष्कळदा येणार आहे. ज्यांना तो वाचवणार नाही त्यांनी इथेच थांबावं, माझा राग नाही. मला स्वतःलाही तो डॉक्टरांसमोर उच्चारायला काही वर्षं लागली. आमच्याकडे बाया 'जरा पलीकडे जाऊन येते' म्हणतात, आणि बऱ्याचदा तेही म्हणत नाहीत, दाबून बसतात. मी त्यातलीच.

मी सुरेखा. माहेर शिंदखेड्याकडचं, सासर शिरपूरकडचं, आणि संसार सगळा सुरतेत, डिंडोलीला. नवरा उधन्यात लूमवर आहे. मीही उधन्यातच एका साडीच्या कारखान्यात चेकिंगला बसते. भरतकाम होऊन आलेली साडी टेबलावरून सरकवत न्यायची आणि सुटलेला धागा, डाग, भोक दिसलं की तिथे चिठ्ठी चिकटवायची. डोळ्यांचं आणि बुडाचं काम. दोन्ही एका जागी ठेवावी लागतात.

माझ्या आजारानं माणूस मरत नाही. त्यामुळे कुणी बघायला येत नाही, नारळपाणी आणत नाही, 'कसं आहे आता' विचारत नाही. नुसता थकवा येतो, आणि तो कशाचा ते सांगता येत नाही. 'आजार होता' असं अजून म्हणवत नाही, पण पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे. दवाखान्याच्या बाकावर तोंड लपवून बसलेल्या बाया बघितल्या तेव्हा वाटलं, हे कुणीतरी लिहायला पाहिजे.

घाई

लघवी लागणं वेगळं आणि घाई होणं वेगळं. लागते तेव्हा हातातलं काम उरकून जाता येतं. घाई थांबत नाही. मी चांगली बसलेली असायचे, नुकतीच जाऊन आलेली, आणि एकदम ओटीपोटात कुणीतरी आतून दार धडधडवायचं. मग साडी, माणूस, बोलणं अर्धं सोडून पळायचं. जाऊन बघावं तर चार थेंब. परत येऊन बसावं तर पुन्हा तेच. कधी दारापर्यंत पोहोचेस्तोवर कपडे ओले झालेले असायचे.

काही ठिकाणी ती हमखास यायची. घराच्या कुलपात किल्ली घालताना. शेजारणीनं बादलीखाली नळ सोडला की. थंड फरशीवर अनवाणी पाय पडला की. पाणी दिसलं, ऐकू आलं, अंगाला लागलं की झालंच. भांडी घासायचं काम मी हळूहळू कोमलवर, माझ्या मुलीवर ढकललं. ती कॉलेजात जाते. तिला वाटायचं, मम्मी आळशी झाली.

कारखान्यात बायांसाठी एकच संडास, तोही खालच्या मजल्यावर जिन्याखाली. आमच्या सगळ्याजणींचा एक न बोललेला नियम आहे: कामावर पाणी प्यायचं नाही. सकाळचा चहा, मग थेट जेवणाच्या सुट्टीत दोन घोट. नवीन आलेल्या मुलीला हे कुणी शिकवत नाही, ती बघून शिकते. मी त्यांच्याही पुढे गेले. जेवणानंतर नुसती चूळ भरायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा माझा हिशोब. पण पोहरा रिकामा असला तरी खडखडाट करायचा थांबेना.

"सुरेखाबेन, तमारुं टेबल नीचेज मूकी दउं?" आमचे गुजराती मास्तर, म्हणजे कामावर देखरेख करणारे, एकदा म्हणाले. माझं टेबलच खाली नेऊन ठेवू का, असं. सगळ्या हसल्या. मीही हसले. लोकांनी हसलेलं परवडतं, ओलं झालेलं परवडत नाही.

घरात नवरा आधी काळजीनं बघायचा, मग वैतागला. सिनेमाला गेलो तर मी दोनदा उठायचे. रिक्षा मध्येच थांबवायचे. "आत्ते तं जाई उनी ना तू?" तो म्हणायचा. आत्ताच तर जाऊन आलीस ना? मग तो रस्त्याकडे बघत बसायचा. गावी जाणं मी कमी केलं, कारण बस मध्ये कुठे थांबेल याचा भरवसा नाही. भाच्याच्या हळदीला गेले नाही, तर भाऊ पुष्कळ दिवस बोलला नाही. तिकडे सगळ्यांना वाटलं, सुरतेला राहून बाई मोठी झाली.

कानबाईची सकाळ

आता जे घडलं ते सांगते. त्यासाठी आधी कानबाई सांगायला हवी.

श्रावणात रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. नारळालाच नथ, डोळे, दागिने घालून देवीचं रूप देतात. सगळे भाऊबंद एका घरी गोळा होतात, रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा स्वयंपाक होतो, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला पाण्यावर नेतात. घरची मोठी सून पाटासकट तिला डोक्यावर घेऊन चालते. आमच्यात आधी माझ्या सासू न्यायच्या. आम्ही त्यांना जिजी म्हणतो, त्या इथे आमच्याकडेच असतात. मग एका वर्षी, माझं लग्न होऊन काही काळ झाल्यावर, त्या म्हणाल्या, "मनी मान दुखस," माझी मान दुखते म्हणून, आणि पाट माझ्या डोक्यावर दिला. तेव्हापासून मी नेते.

हे मला किती आवडतं ते लिहायला जरा संकोच वाटतो, पण लिहिते. वर्षभर मी चिठ्ठ्या चिकटवणारी बाई असते. त्या एका सकाळी डिंडोलीतली आमची आख्खी गल्ली माझी वाट बघते. दारोदारी बाया तांबे-घागरी घेऊन उभ्या असतात, देवी दाराशी आली की तिला नेणारीच्या पायावर पाणी ओततात, कुंकू लावतात, पाया पडतात. मोठ्या मोठ्या बंगल्यांतल्या बायासुद्धा. ते पाया पडणं देवीचं असतं हे मला कळतं. तरी पाय माझे असतात.

मागच्या वर्षी घाईचं इतकं झालं होतं की त्या सकाळची धास्ती मला आषाढापासून होती. म्हणून मी ठरवलं, रविवारी सकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. लोकांना वाटलं, निर्जळी उपास. "सुरेखानी भक्ती मोठी शे," असं नात्यातली एक बाई म्हणाल्याचं मी ऐकलं. मी मान खाली घातली. त्या भक्तीचं कारण ओटीपोटाखाली होतं.

सोमवारी निघालो. जीभ टाळूला चिकटलेली, डोकं गरगरत होतं. लघवी गडद झालेली, सकाळी जळजळली होती. पहिल्या दाराशी घागर पायावर पडली आणि घाई आली. पाण्याचा आवाज, गार धार, पायाच्या बोटांमधून वाहणारं पाणी. दुसऱ्या दाराशी आणखी. दोन्ही हात पाटाला, डोक्यावर देवी, पुढे ढोल, मागे बाया. पळणार कुठे? चौथ्या-पाचव्या दाराशी माझ्याच्यानं धरवलं नाही.

गरम धार मांडीवरून खाली गेली आणि खालच्या गार पाण्यात मिसळली. मी चालत राहिले. तेवढ्यात जिजींनी कुणाच्या तरी हातातली घागर घेतली आणि माझ्या कमरेपासून खाली भसाभस ओतली. जिजींना उत्साहाचा भर आला असेल असं वाटलं आणि रागही आला, कारण साडी चांगली होती. पण त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. तळ्यावर पोहोचलो, आरती झाली, फोटो निघाले. फोटोत मी हसतेय.

घरी येऊन न्हाणीघरात बसून रडले. देवी डोक्यावर असताना हे झालं. आता हिचा कोप झाला तर कोमलवर होईल की नवऱ्यावर, असले विचार. माझ्या मनात लाज कमी होती, भीती जास्त होती. पुढच्या वर्षी पाट पुन्हा माझ्या डोक्यावर येणार, आणि मी तो घेऊ शकणार नाही, हे मला तिथेच कळलं.

दवाखाना

कोमलनं ओळखलं. मी रोज वेगळे कपडे भिजवायचे, ते तिला दिसत होतं. ती आमच्याशी निम्मं गुजराती बोलते. "मम्मी, आ नॉर्मल नथी. दवाखाने चाल." मी वयाचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "वयाचं असेल तर डॉक्टर तसं सांगेल. तू का सांगतेस?"

या आजाराच्या तपासण्यांची एक गंमत आहे. सोनोग्राफीला भरपूर पाणी पिऊन या आणि लघवी धरून बसा म्हणतात. ज्या कामाला जमत नाही म्हणून दवाखान्यात आलो, तेच आधी करून दाखवायचं. मी तीनदा रांगेतून उठले. तिसऱ्यांदा तिथली आयाबाई म्हणाली, "बेन, फरीथी भरो." पुन्हा भरा. जणू मी टाकी आहे.

साखर नाही, मुतखडा नाही, जंतुसंसर्ग नाही. सगळे रिपोर्ट चांगले. प्रत्येक चांगल्या रिपोर्टबरोबर माझं तोंड उतरत गेलं. काहीच नसेल तर मग हे सगळं माझ्या मनाचंच, नवरा म्हणतो तसं.

शेवटी एक मोठी तपासणी झाली. बारीक नळीतून लघवीच्या पिशवीत हळूहळू पाणी सोडतात आणि विचारतात, पहिली जाणीव कधी झाली, घाई कधी झाली, सांगा. शेजारी पडद्यावर पिशवीतला दाब दाखवणारी रेघ चालू असते. सांगायला लाज वाटते, झोपायला लाज वाटते, सगळ्याचीच लाज वाटते. तिथली सिस्टर मात्र माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तो हात मला अजून आठवतो. पाणी जेमतेम सुरू झालं आणि मी म्हणाले, "आली." डॉक्टरबाईंनी पडद्याकडे बघितलं. मी दात आवळून म्हणाले, "खूप आली, थांबवा."

नंतर त्यांनी मला ती रेघ दाखवली. मी 'खूप आली' म्हणाले तिथे रेघ सपाट होती. पिशवी आकसलेली नव्हती, भरलेलीही नव्हती.

"म्हणजे मी खोटं बोलले?" मी हिंदीत विचारलं.

"ना रे, बेन," त्या म्हणाल्या. "तमारी कोथळी तो एकदम सारी छे. खबर आपवावाळी नस बहु उतावळी छे." पिशवी चांगली आहे. खबर देणारी नस फार उतावळी आहे.

मग त्यांनी समजावलं. पिशवीच्या आतल्या अस्तरात बारीक बारीक नसा असतात. पिशवी ताणली जाते तसं त्या वर कळवत राहतात: थोडी भरली, निम्मी भरली, आता जा. काही नसा एरवी झोपलेल्याच असतात. जळजळ, संसर्ग असं काही वारंवार झालं, तर कधीकधी त्या जाग्या होतात आणि पुन्हा झोपायचं विसरतात. मग थोडं पाणी आलं तरी 'भरली, भरली' म्हणून ओरडतात. मला मागे काही वर्षांपूर्वी सारखा जळजळीचा त्रास व्हायचा, तो मी धने-जिऱ्याच्या पाण्यावर काढला होता. नक्की त्यानंच झालं का, हे त्यांनाही सांगता येणार नाही, असं त्या सरळ म्हणाल्या. हे मला बरं वाटलं. काहींच्या बाबतीत पिशवीचा स्नायूच अवेळी आकसतो, त्यांचं वेगळं. म्हणून कुणी माझं वाचून स्वतःचं ठरवू नये, तपासून घ्यावं.

"पाणी किती पिता?" त्यांनी विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पाणी कमी तर लघवी घट्ट, घट्ट लघवी अस्तराला झोंबते, आणि झोंबलं की नसा आणखी ओरडतात. म्हणजे मी वर्षानुवर्षं आगीत तेल ओतत होते आणि वर त्याला शहाणपण समजत होते. कानबाईच्या निर्जळी उपासाचं तर मी त्यांना सांगितलंच नाही.

त्या दिवशी रिक्षात मला हसू येत होतं आणि झोपही. मनाचे खेळ नव्हते. कोमल म्हणाली, "आता पप्पांना सांग, रेघ सपाट होती म्हणून." मी सांगितलं. नवऱ्यानं कागद उलटसुलट करून बघितला, त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मग म्हणाला, "माले काय माहीत." त्यानंतर 'आत्ते तं जाई उनी' हे वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही.

नवीन चेकिंगवाली

डॉक्टरबाईंचं बोलणं मला कळलं ते दुसऱ्या दिवशी टेबलावर बसल्यावर.

आमच्याकडे नवीन मुलगी चेकिंगला आली आणि तिच्या हातून एखादं भोक निसटलं, की तिला बोलणी बसतात. त्यानंतर ती घाबरते. गाठ दिसली, चिठ्ठी. सावली पडली, चिठ्ठी. भरतकामात मुद्दाम सोडलेली जागा, तिथेही चिठ्ठी. साडीत काही खोट नसते. अशा मुलीला कुणी काढून टाकत नाही. शेजारी बसवायचं आणि म्हणायचं, हे जाऊ दे, हेही जाऊ दे. बघ, काही झालं का? असं करत करत तिची नजर बसते. माझ्या आतली मुलगी चिठ्ठी चिकटवायची आणि मी दरवेळी पळत जाऊन तिला 'शाब्बास' म्हणायचे. मग ती कशाला थांबेल?

उपचार

उपचार म्हणजे मुख्यतः कंटाळा. गोळीनं तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरी गिळवेना, वर बद्धकोष्ठ. ती बदलली. दुसरी जरा बरी.

पाणी दिवसभर थोडं थोडं प्यायचं, चहा कमी करायचा. चहा कमी केल्याचं दुःख मी अजून विसरले नाही. मास्तरांना मी एकदा बाजूला घेऊन आजाराचं नाव सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यापासून त्यांनी माझं टेबल जिन्याजवळ घेतलं आणि टोमणे बंद केले.

व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट हेतलबेन होत्या, कोमलपेक्षा थोड्याच मोठ्या. घाई आली की पळायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. "मासी, दौडना नहीं. जहाँ हो वहीं रुक जाओ. लहर है, आयेगी, जायेगी." थांबायचं, पायाची बोटं आवळायची, खालचे स्नायू वर ओढून धरायचे, श्वास सोडायचा. लहर ओसरली की मग सावकाश चालत जायचं, आणि रोज थोडं थोडं लांबवायचं. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवसांत मी उभी राहिले आणि तिथल्या तिथे ओली झाले, पुष्कळदा. पॅड वापरायला लागले. लेकीच्या वयात वापरलेली वस्तू पाळी गेल्यावर पुन्हा विकत आणताना दुकानदाराच्या तोंडाकडे बघवेना.

शिवाय दर आठवड्याला घोट्याजवळ चिकटपट्टी लावून बारीक करंट द्यायचे. अर्धा तास बसून राहायचं, पायात मुंग्या. रोग कुठे आणि इलाज कुठे, असं मला वाटलं. हेतलबेन म्हणाल्या, घोट्याची नस आणि पिशवीची नस वर कमरेत जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. खालून पायाच्या नसेला हलकं हलकं हलवत राहिलं की ती दुसरी शांत होते, सगळ्यांची नाही, पण बऱ्याचजणींची.

"म्हणजे पायावर पाणी पडलं की जी घाई येते...?" मी विचारलं.

त्या हसल्या. "वो तो आदत भी है, ठंडा भी है, आवाज भी है. दिमाग सब जोड लेता है, मासी."

मी घोट्याकडे बघत बसले. श्रावण जवळ येत होता.

फरक पडत होता, पण एक पाऊल पुढे, दोन मागे. एखादा आठवडा छान जायचा आणि मग भर बाजारात सगळं मुसळ केरात. अशा दिवशी घरी येऊन मी तशीच आडवी व्हायचे. हे आयुष्यभर असंच निभावत राहायचं का, या विचारानंच अंग गळून जायचं.

गुडघा आणि मान

नागपंचमी झाली. कानबाईची तयारी सुरू झाली, नथ घासून झाली. जिजी गहू निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडली तरी त्यांची नजर माझ्यासारख्या चेकिंगवालीला लाजवेल अशी आहे. मी मनाशी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"जिजी, यंदा माले जमाव नही. गुडघा दुखस. धाकल्या सूनले लेऊ द्या."

मला जमणार नाही, धाकट्या जावेला नेऊ द्या. एकदा पाट डोक्यावरून उतरला की पुन्हा चढत नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे.

जिजींनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"कोनता गुडघा?"

मी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सकाय तू डावा धरी बठनी व्हती," त्या म्हणाल्या. सकाळी डावा धरून बसली होतीस.

त्या गहू निवडत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मनी मान दुखे, आठवस ना तुले?"

"हो."

"मान-बिन काही दुखे नही मनी. मनं बी तुनामायकच व्हतं. सांगाले लाज वाटे. मंग मान दुखस सांगी दिनं, अन् कानबाई तुना डोकावर ठेई दिनी."

मान कधी दुखलीच नव्हती. त्यांचंही माझ्यासारखंच होतं. लाज वाटे, म्हणून मानेचं नाव सांगितलं. इतकी वर्षं एका घरात, एका न्हाणीघरात, आणि दोघींनी एकमेकींना मान आणि गुडघा सांगितला.

"मांगला साल तुना आंगवर पाणी कोनी वतं?" त्यांनी विचारलं. गेल्या वर्षी तुझ्या अंगावर पाणी कुणी ओतलं?

तेव्हा मला ती घागर आठवली. कमरेपासून खाली भसाभस ओतलेली. मी जिजींचे हात धरले आणि रडले, गहू सगळे सांडले. देवी डोक्यावर असताना विटाळ झाला, हे वर्षभर कुणालाही न सांगितलेलं मी त्यांना सांगितलं.

"कानबाई बी बाईमाणूसच शे ना," जिजी म्हणाल्या. "तिले काय समजत नही? ऊठ. पाणी पी. तोंड दख कसं सुकी गयं."

आणि मी उठून पाणी प्यायले. देवी मीच नेते, असं मात्र म्हणाले नाही. त्याही पुन्हा विचारायला आल्या नाहीत. रविवारी सकाळी पाटावर वस्त्र घालताना माझ्याच हातात खण दिला, एवढंच.

यंदा

यंदा निर्जळी नाही. सोमवारी सकाळी उठून थोडं थोडं पाणी प्यायले, चहा नाही, निघायच्या आधी सावकाश जाऊन आले, पॅड लावलं. नात्यातल्या त्या बाईनं मला पाणी पिताना बघितलं आणि भुवया वर केल्या. भक्ती कमी झाली असं तिला वाटलं असेल. वाटो.

पाट माझ्या डोक्यावर चढला. जिजी माझ्या उजव्या हाताला, पदर खोचून. पहिल्या दाराशी घागर पडली आणि लहर आली. मी थांबले. ढोलवाले पुढे जाऊन मागे वळून बघायला लागले. मी बोटं आवळली, श्वास सोडला. आतल्या पोरीला म्हणाले, हे जाऊ दे. लहर उभी राहिली, राहिली, आणि ओसरली. मी चालायला लागले. लोकांना वाटलं, देवी जरा थांबली. दुसऱ्या दाराशी तसंच. तिसऱ्या, चौथ्याशी तसंच. मला माझाच विश्वास बसेना.

तळं दिसायला लागलं त्या वळणावर मात्र नवी वस्ती आहे, तिथे दाट गर्दी. तीन-चार बायांनी एकदम पाणी ओतलं. लहर आली आणि ओसरेना. मी थांबले, सगळं केलं, पुन्हा केलं.

"जिजी," मी हळूच म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं. "दे आठे." इकडे दे.

"तुम्हाले नही झेपाव."

"दे म्हनते ना. जाय तू. हातपाय धुई ये."

आणि पाट त्यांनी आपल्या डोक्यावर घेतला. मिरवणूक थबकली. "काय व्हयनं? काय व्हयनं?" काय झालं म्हणून पुढून माझा नवरा ओरडत आला. "काही नही व्हयनं," जिजी म्हणाल्या. "वाजाडा तुम्हीन." त्यानं माझ्याकडे बघितलं, काय ते समजला, आणि वळून ढोलवाल्यांना हात केला. ढोल पुन्हा सुरू झाला.

समोरच्या दारातल्या गुजराती बाईला मी नुसतं "बेन, बाथरूम?" म्हणाले. ती माझा दंड धरून आत घेऊन गेली. मी पोहोचले. कोरडी पोहोचले. भिंतीला डोकं टेकून क्षणभर तशीच बसले. आनंदापेक्षा थकवाच जास्त होता, पण तो बरा थकवा होता. हातपाय धुतले, चूळ भरली, बाहेर आले.

जिजी वळणावर ताठ उभ्या होत्या. मान सरळ, दोन्ही हात पाटाला, डोळे मिटलेले. देवी थांबली आहे म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्या बाया तांबे घेऊन आल्या होत्या आणि त्यांच्या पायावर पाणी ओतणं चालूच होतं. बाया पाणी घोट्यावर ओततात. जिजींचं लुगडं मांडीपासून ओलं होतं.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं.

मी शेजारच्या बाईच्या हातातली भरलेली घागर घेतली आणि जिजींच्या कमरेपासून खाली भसाभस ओतली. मग कानबाई माझ्या डोक्यावर घेतली आणि आम्ही दोघी तळ्याकडे निघालो.